काटा दुपारीच का चढतो: तापणारी मशीन, चोंदलेली जाळी आणि डीईएफचा दिवा

पारोळ्याकडच्या एका खडी क्रशरच्या मालकांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे २०२२ सालचा बीएस-४ (म्हणजे धुराच्या नव्या नियमांचा) व्हील लोडर आणि वीस टनी जुनी पोकलेन आहे. एप्रिल लागला की दुपारी बारानंतर दोन्हींचा तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो. लोडरवर त्यात भर म्हणून डीईएफचा (धूर साफ करायला सायलेन्सरच्या वाटेत फवारतात त्या युरियाच्या पाण्याचा) दिवा लागतो आणि गाडीचा जोर मरतो. मिस्त्रीने तीन उपाय सांगितलेत: थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाकायचा, लोडरची डीईएफ यंत्रणा सॉफ्टवेअरने बंद करून घ्यायची, आणि एवढं करूनही पोकलेन तापलीच तर हेड, म्हणजे इंजिनचा सिलिंडरवरचा भाग, उघडायचं. यातलं आधी काय करू, असं ते विचारतात.

भाऊ, तिन्हींतलं काहीच आधी करू नका. पहिले दोन उपाय तर कधीच करू नका. तिसऱ्याची पाळी येते का, ते शेवटी पाहू. जळगाव-धुळे पट्ट्यात मी बावीस वर्षं ही मशीन सांभाळतोय. ‘गाडी तापी गई’ म्हणून आलेल्या फोनांपैकी बहुतेकांचं मूळ इंजिनाच्या आत नव्हतंच. ते पंख्याच्या पुढे-मागे, हाताला लागेल अशा ठिकाणी होतं.

आधी दुपारचं गणित बघा. इंजिनातलं पाणी ९५ अंशांवर आहे असं धरा. थंडीतल्या ३० अंशांच्या दुपारी पाणी आणि बाहेरची हवा यांत ६५ अंशांचा फरक असतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर गेला की तोच फरक ५० उरतो. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो तो याच फरकाच्या जिवावर. म्हणजे मशीनमध्ये काहीही न बिघडता त्याची ताकद जवळपास चौथ्या हिश्शाने कमी झाली. शिवाय बऱ्याच मशीनवर एसीचा कंडेन्सर, हायड्रॉलिक तेलाचा कूलर आणि इंजिनात जाणारी हवा थंड करणारा इंटरकूलर रेडिएटरला लागून एकापुढे एक बसवलेले असतात, त्यामुळे रेडिएटरपर्यंत पोचणारी हवा आधीच पोळलेली असते. बनवणाऱ्याने हे सगळं धरून थोडी ताकद राखीव ठेवलेली असते. ती राखीव आपण धुळीत घालवतो. डिसेंबरात रेडिएटरची अर्धी चोंदलेली जाळीही चालून जाते, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. एप्रिलमध्ये ते उघडं पडतं, आणि आपण म्हणतो, ‘काल तर चांगली होती.’

म्हणून पहिलं काम जाळीचं. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे हेच काम सगळ्यात चुकीचं होतं.

ऑपरेटर संध्याकाळी मशीन वॉशिंगला नेतो आणि प्रेशरचा पाइप थेट जाळीवर धरतो. क्रशरची डस्ट किंवा आपली काळी माती पाणी लागलं की काय करते हे तुम्हाला मी सांगायला नको. काळी माती फुगते, जाळीच्या पात्यांमध्ये खोल जाऊन बसते आणि दुसऱ्या दिवशी इंजिनच्या उष्णतेने विटेसारखी भाजून निघते. वरून जाळी चकाचक दिसते, आतून भिंत झालेली असते. त्यातून प्रेशर तिरका लागला की पाती दुमडतात ती वेगळीच.

योग्य क्रम असा. मशीन पूर्ण थंड होऊ द्या. कंडेन्सर आणि ऑइल कूलर बिजागरीवर असतील तर बाहेर उघडा, नसतील तर बोल्ट काढून पुढे सरकवा. खरा कचरा दोन जाळ्यांच्या मधल्या फटीत असतो. मग कोरडी हवा मारा, तीही हवा ज्या दिशेने जाते तिच्या उलट बाजूने. दिशा कळत नसेल तर इंजिन चालू असताना बाहेरच्या जाळीजवळ वर्तमानपत्राचा कागद धरा. चिकटला तर पंखा ओढतोय, उडाला तर ढकलतोय. हात आत घालून बघू नका. हवेचा दाब कमी ठेवा, नळी वीतभर लांब आणि सरळ धरा. धूळ निघायची थांबली की मगच पाणी, तेही साध्या नळाच्या जोराचं. पाणी मारल्यावर इंजिन थोडा वेळ चालवून जाळी वाळवा, ओली जाळी घेऊन फुफाट्यात जाऊ नका.

जाळीवर तेलकट थर असेल तर नुसत्या हवेने काही होणार नाही. तेल येतं कुठून ते आधी शोधा. बहुधा हायड्रॉलिकचा एखादा पाझरणारा होज असतो, नाहीतर इंजिनच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) निघणारी तेलाची वाफ पंखा ओढून जाळीवर मारत असतो. तेल थांबवलं नाही तर आठवड्यात पुन्हा तोच चिखल. धुवायला सौम्य डिग्रीझर वापरा. कॉस्टिक सोडा वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आताच्या बहुतेक जाळ्या ॲल्युमिनियमच्या असतात आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं.

एक किस्सा सांगतो. एका जिनिंगमध्ये कापूस ढकलायला लावलेला लोडर दर दोन तासांनी तापायचा. नवा रेडिएटर बसवला, नवा पाण्याचा पंप बसवला, तरी तेच. मी गेलो तेव्हा कंडेन्सर बाजूला केला आणि मागून कापसाची अक्षरशः गोधडी निघाली. जाळीच्या मापाची, अंगठ्याएवढी जाड. रेडिएटर बदलणाऱ्याने कंडेन्सरला हात न लावता मागच्या मागे काम उरकलं होतं. क्रशरवर तुम्हाला रुई भेटणार नाही, पण मशीन भाड्याने शेतात जात असेल तर पऱ्हाटीचा भुगा आणि केळीची वाळलेली पानं नक्की भेटतील. त्या कामावरून आल्यावर जाळी उघडल्याशिवाय मशीन दुसरीकडे पाठवू नका.

जाळी झाली की पंखा. बेल्ट ढिला असेल किंवा आतून काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर पंखा फिरताना दिसतो पण हवा ओढत नाही. पंख्याभोवतीचं आवरण फुटलं असेल तर तीच गरम हवा वळसा घालून परत जाळीत येते. आणि पंखा कुणी काढून लावला असेल तर उलटा बसलेला नाही ना ते बघा. उलटा बसवला तरी हवा त्याच दिशेने जाते, म्हणून कुणाला शंका येत नाही, पण खूप कमी जाते. ही चूक मी तीनदा पाहिली आहे आणि एकदा स्वतः केली आहे.

आता पाणी. तुमच्या जुन्या पोकलेनमध्ये काय भरलंय, हे मला न विचारताच ठाऊक आहे: बोअरचं पाणी. कूलंट (इंजिन थंड ठेवायचं रसायन मिसळलेलं पाणी) एकदा भरलं, पुढे कमी झालं तसं ऑपरेटर कॅनमधून पाणी ओतत गेला. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो ना, तोच थर इंजिनच्या आत, हेडच्या सर्वांत गरम जागी धरतो. तो थर उष्णता अडवतो. पाणी जागच्या जागी उकळतं आणि काटा मात्र बराच वेळ ठीक दाखवत राहतो.

याहून वाईट गोष्ट लायनरची, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याची. डिझेल इंजिनात पिस्टनच्या प्रत्येक दणक्याने लायनर थरथरतो. त्याच्या बाहेरच्या बाजूला, पाण्यात, बारीक वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. प्रत्येक फुटणारा बुडबुडा लोखंडाचा कण उचकटतो. चांगल्या कूलंटमधली रसायनं लायनरवर पातळ थर धरून हे नुकसान अडवतात. साध्या पाण्यात ती नसतात. काही हजार तासांत लायनरला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात, पाणी खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं आणि डिपस्टिक ओढली की दुधाळ तेल वर येतं. मग लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सगळं नवं. कॅनभर पाण्याने केलेलं काम.

तेव्हा दोन्ही मशीनचं जुनं पाणी काढून टाका. आत थर असेल तर कंपनीच्या फ्लशने धुवा, आणि तयार कूलंट भरा. स्वतः मिसळत असाल तर निम्मं कॉन्सन्ट्रेट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. निम्म्या ग्लायकॉलचं मिश्रण उघड्यावर १०७-१०८ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यावर दाब धरणारं झाकण असलं की ही मर्यादा आणखी बरीच वर जाते. म्हणून ते झाकण म्हणजे सुटा भाग नाही, यंत्रणेचा अर्धा जीव आहे. त्याचं रबर कडक झालं की दाब राहत नाही आणि पाणी लवकर उकळतं. झाकणात उलट दिशेची एक छोटी झडपही असते. सकाळी थंड मशीनचा वरचा होज चपटा झालेला दिसला तर ती झडप अडकली आहे असं समजा. झाकण बदला, पण मूळ झाकणावर जो आकडा आहे तोच बघून घ्या. आणि ऑपरेटरला एवढं पक्कं बजावा की तापलेल्या मशीनचं झाकण उघडायचं नाही आणि तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतायचं नाही. पहिल्याने माणूस भाजतो, दुसऱ्याने हेड तडकतं.

कूलंटच्या रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, पिवळा हा रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. दोन वेगळ्या जातींचं कूलंट एकत्र केलं तर दोघांचंही संरक्षण कमी होतं. डब्यावर काय लिहिलंय ते मशीनच्या पुस्तिकेशी जुळवा. बदलायची मुदतही पुस्तिकेतलीच पाळा.

थर्मोस्टॅटबद्दल मिस्त्रीवर रागावू नका, मीही हे केलंय. उमेदीच्या दिवसांत तापीकाठच्या एका कालव्याच्या कामावर पोकलेन तापत होती. मी थर्मोस्टॅट काढून फेकला आणि सुपरवायझरकडून चहा मिळवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आधीपेक्षा जास्त तापली. झालं असं की त्या इंजिनात थर्मोस्टॅटला दोन कामं होती. गरम झाल्यावर रेडिएटरकडची वाट उघडायची आणि त्याच वेळी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून इंजिनात परत जाणारी, वाट बंद करायची. तो काढल्यावर बायपास कायमचा उघडा राहिला आणि निम्मं पाणी रेडिएटरला न भेटताच इंजिनात फिरत राहिलं. बायपास असा नसेल तर उलटं होतं: इंजिन कधी नीट गरमच होत नाही. थंड इंजिनात डिझेल अर्धवट जळतं, लायनरवरचं तेल धुऊन जातं, झीज वाढते आणि धुरात काजळी वाढते. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यात दोरीने लटकवा, पाणी तापवा, थर्मामीटर लावा. त्यावर ८२ कोरलं असेल तर त्याच्या आसपास उघडायला सुरुवात झाली पाहिजे. उघडला नाही तर नवा आणा. काढून ठेवणे हा उपाय नव्हे.

इथे धुराचा विषय जोडून घेतो, कारण लोक रेडिएटर आणि सायलेन्सर या दोन वेगळ्या दुरुस्त्या समजतात. ढोबळ मानाने डिझेलमधली एक तृतीयांश ऊर्जा कामाला लागते, एक तृतीयांश पाण्यावाटे बाहेर पडते आणि उरलेली धुरावाटे. एक वाट अडली की दुसरीवर भार येतो. तुमच्या पोकलेनमधून जोरात काम करताना काळा धूर येतो का? येत असेल तर तिला हवा कमी पडते आहे. मग डिझेल उशिरा जळतं, धूर जास्त तापतो आणि ती उष्णता हेडमध्ये, पाण्यात उतरते. एअर क्लीनरचा लाल दर्शक बघा. बाहेरचा फिल्टर एखाद-दोनदा हवा मारून चालतो, आतला कधीही साफ करायचा नसतो, तो बदलायचाच. इंटरकूलरच्या होजच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, फेस आला की गळती सापडली. मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारा पाइप) आणि टर्बो (त्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा ढकलणारा पंखा) यांच्या मधल्या सांध्याशी काजळीचा काळा फराटा असेल किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर टर्बोला पोचायच्या आधीच धूर निसटतोय. टर्बो कमी फिरतो, हवा आणखी कमी होते. दीड-दोनशे रुपयांच्या गॅस्केटपायी रेडिएटर बदललेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि सायलेन्सरच्या तोंडावरचं झाकण गेलं असेल तर लावून घ्या. पावसाळ्यात उभ्या मशीनच्या टर्बोत पाणी उतरतं.

निळा धूर तेलाचा. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला आणि कूलंट कुठेही न गळता कमी होत असेल, तर पाणी आत जळतंय. लोडरवर ईजीआर (थोडा धूर थंड करून परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) असेल तर हेडच्या आधी ईजीआर कूलर तपासा.

आता लोडरचा दिवा. चाकांच्या बांधकाम मशीनना बीएस-४ चे नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ५६ किलोवॅटच्या वरच्या इंजिनांसाठी नायट्रोजनच्या ऑक्साइडची मर्यादा खूप कडक आहे, म्हणून त्यांना डीईएफ लागतं. त्याखालच्या बऱ्याच बॅकहोवर डीईएफची टाकीच नसते, म्हणून तुमचे जेसीबीवाले मित्र ‘आम्हाला तर काही त्रास नाही’ म्हणतात. त्यांचं ऐकून तुमचा लोडर सुधारणार नाही.

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. ते उष्णतेत टिकत नाही. २५ अंशांपर्यंत ठेवलं तर दीड वर्ष, ३० अंशांत एक वर्ष, ३५ अंशांत सहा महिने, अशी त्याची मुदत धरतात. तुमचे कॅन कुठे आहेत? साइटवरच्या पत्र्याच्या कंटेनरमध्ये असतील तर मे महिन्यात तिथे ३५ ची गोष्टच सोडा. युरिया फुटून अमोनिया होतो, झाकण सैल असेल तर पाणी उडतं, आणि सेन्सरला मिश्रण बिघडलेलं दिसतं. सेन्सर खोटं बोलत नाहीये. डीईएफ घरात, जिन्याखाली, सावलीत ठेवा. पंधरा दिवस पुरेल इतकंच आणा. कॅनवरची तारीख बघा. एक छोटा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. टाकीतला थेंब टाकून आकडा ३२.५ च्या आसपास आहे का ते दोन मिनिटांत कळतं. उघडताच नाकात झणका आला तर तो माल परत करा.

आपल्या भागातला एक प्रकार लिहावाच लागेल. शेतीचा युरिया पाण्यात कालवून डीईएफ म्हणून विकणारे आहेत. स्वस्त पडतं खरं. पण २०१५ पासून शेतीच्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. ते तेल आणि खतातली बाकीची घाण पंपाच्या जाळीत, इंजेक्टरमध्ये आणि शेवटी कॅटॅलिस्टवर (सायलेन्सरमधल्या धूर साफ करणाऱ्या भागावर) बसते. कॅटॅलिस्ट एकदा मेला की धुऊन परत येत नाही. शिवाय अनुदानाचं खत असं वळवणं हा गुन्हाच आहे. ४५ किलोच्या गोणीपायी लाखांत जाल.

ऑपरेटरच्या दोन सवयी सांगतो, त्या बदलल्या तर निम्मा त्रास जाईल. पहिली: चावी बंद केल्याबरोबर बॅटरीचा मेन स्विच पाडणे. चावी बंद झाल्यावर पंप नळीतलं डीईएफ टाकीत परत ओढतो, त्याला एक-दोन मिनिटं लागतात. मध्येच वीज तोडली की ते नळीत राहतं, वाळतं आणि इंजेक्टरच्या तोंडावर पांढरे खडे धरतात. हे खडे कोमट पाण्यात विरघळतात, खरवडू नका. दुसरी: दुपारभर एसीसाठी इंजिन आयडलवर ठेवून केबिनमध्ये बसणे. धूर साधारण २०० अंशांच्या वर गेल्याशिवाय डीईएफची फवारणी नीट सुरूच होत नाही. आयडलवर धूर थंड राहतो, काजळी साचते. पण ४५ अंशांत त्या माणसाने जायचं कुठे? त्याला दोष देण्याआधी साइटवर एक शेड टाका, पाण्याचा माठ ठेवा. पाळी पहाटे पाचला लावून बारा ते चार मशीन बंद ठेवा. मशीन आणि माणूस दोघांनाही तेच मानवतं. मात्र जोराच्या कामानंतर लगेच इंजिन बंद करू नका. तीन ते पाच मिनिटं आयडलवर ठेवा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जागीच जळतं.

सॉफ्टवेअरने यंत्रणा बंद करण्याबद्दल: नोंदणी झालेल्या वाहनात असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. वॉरंटी जाते, आणि विकताना गिऱ्हाईक लॅपटॉप लावून बघतं. तुमचं डीईएफ उन्हात खराब झालं, त्यासाठी इंजिनचा मेंदू का फोडायचा?

पुढचा लोडर घ्याल तो जानेवारी २०२५ नंतरच्या नियमांचा असेल आणि त्यावर बहुधा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल, म्हणून थोडं आत्ताच. डीपीएफ काजळी साठवतो आणि ५५०-६०० अंशांना जाळतो. दिवा लागला की रीजनरेशन, म्हणजे ही काजळी जाळायचं काम, होऊ द्या, ‘नंतर’ चं बटण रोज दाबू नका. फक्त त्या वेळी मशीन पऱ्हाटीच्या गंजीजवळ, कडब्याजवळ किंवा जिनिंगच्या आवारात उभं नको. काजळी जळते पण तेलातली राख जळत नाही, ती फिल्टरमध्येच राहते. म्हणून कमी राखेचं सीके-४ दर्जाचं तेलच भरायचं. सगळ्या मशीनना एकाच ड्रममधून तेल घालायची आपली पद्धत तिथे महाग पडेल.

राहता राहिलं पोकलेनचं हेड. जाळी, बेल्ट, झाकण, पाणी, थर्मोस्टॅट, हवा एवढं सगळं झाल्यावरही ती तापली तरच तिकडे वळा, आणि तेव्हाही पाना लावायच्या आधी दोन गोष्टी करा. सकाळी थंड इंजिनवर झाकण उघडं ठेवून सुरू करा आणि रेडिएटरच्या तोंडात बघा. पहिल्याच मिनिटात सलग बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय. मग हेड उघडा, गॅस्केट आणि हेडची सपाटी तपासा. बुडबुडे नसतील तर काम करून आलेल्या मशीनच्या रेडिएटरवर, पंखा थांबल्यावर, तापमानाची बंदूक फिरवा. आजूबाजूच्यापेक्षा जिथे पट्टा थंड लागेल तिथल्या नळ्या आतून चोंदल्या आहेत. मग रेडिएटर उतरवा आणि रॉडिंग (नळ्यांत सळई घालून थर काढणं) होतं का ते बघा. तुमची पोकलेन जुनी आहे, जाळी पितळ-तांब्याची असेल तर होईल. हेडला हात लावू नका.